पीएचडीवर पॉडकास्ट करायचाय? आधी प्रबंध कपाटात ठेवा

माइक कुठला घ्यायचा हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. कॉलरला लावायचे दोन साधे वायरवाले माइक घ्या, पंखा बंद करा, समोरच्या भिंतीवर एक जाड वाकळ अडकवा, झालं. यूट्यूबवर 'पॉडकास्ट कसा सुरू करावा' म्हणून जे व्हिडिओ आहेत ना, त्यात अर्धा वेळ माइक, उरलेला अर्धा लोगो आणि इंट्रो म्युझिक, आणि समोरच्या माणसाला बोलतं कसं करायचं यावर अवाक्षर नाही. अभ्यासकाला तर अजिबातच नाही, कारण अभ्यासक हा प्राणी वेगळाच.

आपल्याकडे कोल्हापुरात माल भरपूर आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे, राज्यशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र सगळीकडं या भागावर प्रबंध होत आलेत, सहकार, ऊस, दूध, शाहूकाळ, पूर, काय म्हणाल ते. शोधगंगेवर, म्हणजे देशभरातले प्रबंध ठेवणाऱ्या वेबसाइटवर, पीडीएफ पडलेल्या असतात आणि ज्या गावावर लिहिलंय त्या गावात ते कुणी उघडून बघितलेलं नसतं. म्हणून पॉडकास्ट. तर कसा करायचा ते सांगते.

विषय

एका एपिसोडला एकच प्रश्न. 'कोल्हापूरचं राजकारण' हा प्रश्न नव्हे. 'गावात दूध संस्थेच्या सेक्रेटरीला एवढं वजन का असतं' हा प्रश्न. 'कारखान्याच्या निवडणुकीत सभासद मत कशाकडं बघून देतो' हाही प्रश्न. प्रबंधात सात प्रकरणं असतील तर त्यातलं एक उचला, बाकीची सहा विसरा, सर नाराज होतील, होऊ द्या.

बोलतं करणं

खरी गोची इथं आहे, आणि नव्वद टक्के लोक इथंच हरतात.

अभ्यासक माइकसमोर बसला की लिहिल्यासारखा बोलायला लागतो. एरवी कँटीनमध्ये तोच माणूस चहा पिता पिता असले किस्से सांगतो की उठवत नाही, आणि लाल दिवा लागला की 'प्रस्तुत संशोधनाच्या अनुषंगाने' सुरू. यात त्याचा दोष नाही, दहा वर्षं त्याला असंच लिहायला लावलंय. पण ऐकणारा तिसऱ्या मिनिटाला दुसरं काहीतरी लावतो.

यावर लोक जो उपाय सांगतात तो आधीच मोडीत काढते: 'पाहुण्याला प्रश्नावली आधी पाठवा.' अजिबात पाठवू नका! पाठवली की सर रात्री बसून उत्तरं लिहितात, दुसऱ्या दिवशी कागद घेऊन येतात, आणि तुम्ही नको म्हणायच्या आत वाचायला सुरुवात. विषय सांगा, साधारण किती वेळ लागेल ते सांगा, प्रश्न सांगू नका. आणि 'सोप्या भाषेत बोला हं सर' असंही सांगू नका, त्यानं माणूस शाळेतल्या पोरांना शिकवल्यासारखा बोलायला लागतो, ते तर जास्तच वाईट.

करायचं काय? रेकॉर्डिंगच्या आधी एक बैठक, माइक नाही, मोबाईल खिशात, कागद पेन फक्त तुमच्याकडं. आणि त्यांनी काढलेला निष्कर्ष विचारायचाच नाही. तो निष्कर्ष त्यांना कळला कसा, ते विचारायचं. कुठल्या कागदात दिसलं, कुणी सांगितलं, आधी काय वाटत होतं, कुठं अडलं. निष्कर्षाला पाठ केलेली वाक्यं असतात, शोधाला नसतात, तिथं माणसाला आठवून बोलावंच लागतं आणि आठवून बोलणारा माणूस कधी कंटाळवाणा होत नाही.

उदाहरण देते. शाहू महाराजांच्या आरक्षणावरचा एपिसोड. अभ्यासकाचं पहिलं वाक्य काय असणार ते तुम्हालाही माहितीये: 'राजर्षींनी सामाजिक न्यायाचा पाया घातला.' बरोबर आहे, पण हे दसरा चौकातल्या प्रत्येक भाषणात ऐकलेलं असतं. मग विचारायचं, सर, त्या जाहीरनाम्यात नेमकं लिहिलंय काय? आता गाडी हलते. २६ जुलै १९०२, महाराज तेव्हा इंग्लंडमध्ये होते, करवीर सरकारच्या, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या, गॅझेटमध्ये हुकूम आला, हुकूम निघाल्यापासून ज्या जागा रिकाम्या होतील त्यातल्या ५० टक्के मागास वर्गांसाठी. म्हणजे आधी खुर्चीवर बसलेल्यांना हात लावला नाही? नाही, रिकाम्या होतील त्याच जागा. आणि मागास कोण? ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून बाकी सगळे. बरं, मग खातेप्रमुखांनी हुकूम पाळला की नाही हे बघायचं कुणी? तर त्याच हुकुमात लिहिलंय की प्रत्येक खातेप्रमुखानं दर तिमाहीला नेमणुकांचा तक्ता सरकारला पाठवायचा.

५० टक्के सगळ्या कोल्हापूरला पाठ आहेत. तिमाही तक्ता किती जणांना माहितीये? इथून पुढचा प्रश्न आपोआप येतो, सर, ते तक्ते तुम्ही शोधले का, आणि इथं अभ्यासक खुर्चीत पुढं सरकतो, हात हलायला लागतात, पुरालेखागारातले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे), मोडीचे कागद, परवानगीची कटकट, सगळं बाहेर येतं. तुमचा एपिसोड हा. लगेच गप्प करा. हो, गप्प करा, 'सर हे उद्या माइकवर' म्हणा आणि चहा सांगा. सगळं त्याच बैठकीत सांगून झालं की रेकॉर्डिंगला शिळं होतं, दुसऱ्यांदा सांगताना माणूस 'मघाशी म्हटल्याप्रमाणे' म्हणतो.

दुसरा हमखास प्रश्न: 'हे ऐकून गावात कुणाला पटणार नाही, आणि तो काय म्हणेल?' यानं अभ्यासक आपोआप समोरच्याशी भांडल्यासारखा, म्हणजे माणसासारखा बोलायला लागतो.

आणि ऐकणाऱ्याला कमी समजू नका. उसावरच्या एपिसोडला एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) म्हणजे काय हे दहा मिनिटं समजावणारे मी ऐकलेत. अहो, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळालं पाहिजे हा नियम शिरोळ-हातकणंगल्याच्या पोरासोरांना माहिती असतो, उतारा, तोडणी-वाहतूक, मुकादम, काटा, सगळं त्याला तुमच्या पाहुण्यापेक्षा जास्त कळतं. त्याला हवंय ते त्याच्या बांधावरून न दिसणारं, चार कारखान्यांचे हिशेब शेजारी ठेवल्यावर काय दिसलं ते. पुराचंही तेच. मॅडम मीटरमध्ये बोलायला लागल्या तर तिथंच थांबवा. आपल्याकडं पंचगंगा फुटात मोजतात, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, हे आकडे ऐकले की कोल्हापूरच्या माणसाला पाणी कुठवर आलं असेल ते डोळ्यासमोर दिसतं.

नावं आणि आवाज

ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. प्रबंधात नाव बदललं की काम भागतं, बोलण्यात भागत नाही. 'करवीर तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावातली, दोनदा सरपंच झालेली एक बाई' एवढं म्हटलं की तालुक्यातल्या निम्म्या लोकांना कळतं कोण ते. त्यामुळं तालुका, पद आणि काळ या तिन्हींपैकी एकच ठेवा. आणि संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग एपिसोडमध्ये लावू नका, त्या माणसानं अभ्यासासाठी होकार दिला होता, जगाला ऐकवायला नाही. लावायचंच असेल तर परत जाऊन विचारा, फोनवर नको, समोर बसून.

रेकॉर्डिंग

सकाळी लवकर करा, रस्त्याकडची खिडकी लावा, दोघांचा ट्रॅक वेगळा ठेवा.

एडिटिंग

ऑडॅसिटी फुकट आहे, पुरे आहे. 'अं', 'म्हणजे' थोडे काढा, सगळे काढले की माणूस यंत्रासारखा वाटतो. पण एक सक्त ताकीद: अभ्यासकाचा 'पण' कापायचा नाही. 'आम्ही बघितलेल्या गावांत तरी असं दिसलं, पण...' यातलं पुढचं मागचं कापून 'असं दिसलं' एवढं ठेवलं की वाक्य खणखणीत होतं आणि खोटं होतं. मग अभ्यासकाला त्याच्याच विभागात तोंड दाखवायची पंचाईत होते आणि तो परत तुमच्याकडं येत नाही, त्याचे मित्रही येत नाहीत.

शीर्षकातही तेच. अभ्यास एका तालुक्याचा आणि शीर्षकात 'कोल्हापूर जिल्ह्याचं सत्य' असलं करू नका. शाहूकाळावरचा असेल तर अजून जपून, कारण संस्थान आणि आजचा जिल्हा एक नव्हे, आज कर्नाटकात असलेलं रायबाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात होतं, आणि संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं ते १ मार्च १९४९ ला. नकाशा न बघता बोलणारे बरेच आहेत.

टाकायच्या आधी अभ्यासकाला पूर्ण एपिसोड ऐकवा. 'चूक असेल तर सांगा, आवाज कसा आलाय ते सांगू नका' असं स्पष्ट म्हणा, नाहीतर प्रत्येकाला स्वतःचा आवाज आवडत नाही आणि तुम्ही महिनाभर तेच करत बसाल.

टाकणं

स्पॉटिफाय आणि यूट्यूब, दोन्हीकडं. खाली मूळ पेपरचं नाव आणि लिंक, प्रबंध असेल तर शोधगंगेची लिंक. दीड-दोन मिनिटांचा तुकडा कापून व्हॉट्सअ‍ॅपवर, कारण गावात एपिसोड पोचतो तो भावकीच्या आणि तरुण मंडळाच्या ग्रुपवरनंच, स्पॉटिफायचं अ‍ॅप कुणी उघडत नाही. चूक निघाली तर पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीलाच सांगा, खालच्या मजकुरात लपवू नका, तो कोण वाचतो!

तारखेचं भान ठेवा. कारखान्याची नाहीतर दूध संघाची निवडणूक लागली असेल तर उसाचा आणि दुधाचा एपिसोड निकाल लागेपर्यंत थांबवा, कितीही तयार असला तरी, कारण त्या दिवसांत तुमच्या पाहुण्याचं प्रत्येक वाक्य कुठल्या तरी पॅनेलच्या खात्यावर जमा होतं आणि तुकडा कापून तिसराच कुणीतरी फिरवतो. तोवर शाहू महाराज आणि आंबेडकर एकत्र आलेल्या १९२० च्या माणगाव परिषदेवरचा काढा, त्यात कुणाचं पॅनेल पडत नाही.