सॅमवरचं अडलेलं रजिस्ट्रेशन असं सुटलं

न्यू जर्सीत माझ्या एका मित्राची साफसफाईची छोटी कंपनी आहे. त्याला फेडरल सरकारची कामं हवी होती. त्यासाठी सॅम डॉट गव्ह (SAM.gov) या सरकारी वेबसाइटवर नोंदणी लागते. ती करायला त्याने मला बसवलं. कंपनीची ओळख तपासण्याच्या पायरीवर अर्ज दोनदा परत आला.

आधी मी सगळा दोष वेबसाइटला दिला. मग कागद शेजारी शेजारी ठेवले. राज्याच्या दाखल्यावर जुन्या ऑफिसचा पत्ता, बँकेच्या स्टेटमेंटवर पोस्ट बॉक्स, आणि आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याच्या, पत्रात नावातलं 'अँड सन्स' गायब! तीन कागद, तीन कंपन्या.

मग राज्याकडे पत्ताबदल नोंदवला. नवा पत्ता आणि पूर्ण कायदेशीर नाव एकाच पानावर असलेला शिक्क्याचा कागद आला, तोच जोडला. पोस्ट बॉक्स काढून खरा पत्ता टाकला. आयआरएसकडचं नावही पत्र पाठवून दुरुस्त करून घेतलं. याला सगळ्यात जास्त वेळ गेला. त्यानंतर यूईआय, म्हणजे कंपनीचा १२ अक्षरी-आकडी सरकारी ओळख क्रमांक, मिळाला (४ एप्रिल २०२२पासून जुन्या डन्स या ओळख क्रमांकाऐवजी हाच चालतो), पाठोपाठ केज कोड हा सरकारी कंत्राटांसाठी लागणारा कोडही.

मधल्या काळात 'नोंदणी करून देतो, पैसे भरा' असे सरकारी थाटाचे ईमेल येत राहिले. मित्र कार्ड काढून तयारच होता. अरे बाबा, ही नोंदणी फुकट असते! अडलात तर एपेक्स ॲक्सेलरेटरवालेही (सरकारी कामं मिळवू पाहणाऱ्या कंपन्यांसाठीची मदत केंद्रं) मदत करतात. नूतनीकरण दर ३६५ दिवसांनी. ते मी त्याच्या बायकोच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवलंय.