या चुका टाळा: बिनचावीचं कुलूप घेण्याआधी आपलं दार बघा

गेल्या उन्हाळ्यात, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दोन दिवस आधी, पहाटे साडेपाचला भुसावळहून फोन आला. नंबर शेजाऱ्यांचा होता. रात्री उकाडा इतका की घरातली पाचही माणसं गच्चीवर झोपायला गेली होती, आणि जिना बाहेरून. जाताना दार ओढून घेतलं तसं नव्या डिजिटल कुलपाने ते आपोआप बंद केलं. फोन सगळे आत चार्जिंगला. कुलूप उघडायचे आकडे फक्त मुलाला माहीत आणि मुलगा रेल्वेत, रात्रपाळीला. आईचं बोट नोंदवलेलं होतं, पण कुलूप काही ते ओळखेना. अडीअडचणीसाठी कुलपासोबत मिळालेल्या दोन्ही चाव्या आतल्या कपाटात, खोक्यासकट. माहेरपणाला आलेली लेक तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली.

मी जळगावहून पोचेपर्यंत मुलगा ड्युटीवरून आला होता. त्याने बोट टेकवलं आणि दार उघडलं. कुलपात काडीचाही बिघाड नव्हता.

दारं आणि कुलपं बसवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि गेल्या काही वर्षांत हे बिनचावीचं प्रकरण आपल्याकडे घरोघरी यायला लागलंय. वस्तू चांगली आहे. शेतावरून दोन्ही हातांत सामान घेऊन येणाऱ्या माणसाला, शाळेतून एकट्या येणाऱ्या पोरीला तिचा खरा उपयोग होतो. पण लोक कुलूप निवडताना मोबाईलवर किती सोयी आहेत ते मोजतात. आपलं दार, आपल्या घरच्यांचे हात आणि आपला उन्हाळा या तीन गोष्टी कुणी बघत नाही. बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

दार न मोजता ऑर्डर देणं

जुन्या वाड्याचं सागवानी दार दोन फळ्यांचं असतं. त्याला मधोमध पट्टी, वर लोखंडी फुल्या, आतून आगळ आणि बाहेरून कडी-कोयंडा. अशा दारावर हॅन्डलवालं मॉर्टिस कुलूप बसवायचं म्हणजे एका फळीच्या कडेत खोल खाच पाडायची आणि दुसऱ्या फळीला वर-खाली पक्क्या खिट्ट्या लावून ती स्थिर करायची. दुसरी फळी हलत असेल तर कुलूप कितीही महागाचं असो, खांद्याच्या एका धक्क्याने दोन्ही फळ्या उघडतात. अशा दाराला मी सहसा आतून वरच्या वर बसणारं कुलूप सुचवतो. त्यात फळी पोखरावी लागत नाही आणि जुनं कामही शाबूत राहतं.

नव्या कॉलनीतल्या घरांना फ्लश डोअर, म्हणजे सपाट प्लायचं दार असतं, काही ठिकाणी पत्र्याचं. तिथे दाराची जाडी बघा. प्रत्येक कुलपाच्या माहितीत किती मिलिमीटर ते किती मिलिमीटर जाडीचं दार चालेल ते लिहिलेलं असतं. पुष्कळ मॉडेलांना निदान 35 ते 40 मिलिमीटर लागते. आपली बरीच स्वस्त फ्लश डोअरं 30 ते 32 मिलिमीटरची असतात. दुसरं माप दाराच्या कडेपासून हॅन्डलच्या मध्यापर्यंतचं. हे बहुधा 60 किंवा 70 मिलिमीटर असतं. जुन्या कुलपाच्या भोकाशी ते जुळलं नाही, तर दारात दोन भोकं शेजारी शेजारी होतात आणि मधलं लाकूड सुपारीएवढं उरतं. पुढे जोर येतो तो तिथेच.

बाहेरचा जाळीचा दरवाजाही विसरू नका. आतल्या दाराला बसवलेलं कुलूप दोन-अडीच इंच पुढे येतं. जाळीचा दरवाजा त्याला घासून बंदच होत नाही, असं मी कितीतरी घरी पाहिलंय. मोजपट्टी घेऊन दोन्ही दारांतलं अंतर मोजायला दोन मिनिटं लागतात.

मजबुतीचा एक मुद्दा कुलपात नसून चौकटीत असतो. बोल्ट, म्हणजे कुलपातून बाहेर येणारा दांडा, चौकटीवरच्या ज्या पट्टीत जातो ती पट्टी अर्ध्या इंचाच्या दोन स्क्रूंवर लावून मोकळे होतात. तीन इंची स्क्रू चौकटीच्या लाकडात खोल जाऊ द्या. यासाठी फार तर पन्नास रुपये जास्त लागतील.

मे महिना विसरणं

जळगाव-भुसावळचा मे तुम्हाला सांगायला नको. पारा 45 अंशांपर्यंत चढतो, कधी त्याच्याही वर. हा आकडा सावलीतला आहे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या घराच्या दारावर दुपारी दोनपासून ऊन पडतं आणि पत्र्याच्या दाराला त्या वेळी हात लावता येत नाही. काळ्या रंगाचं, काचेच्या तोंडाचं कुलूप तिथे बसवलं की ते चार तास त्या तव्यावर भाजत असतं.

म्हणून खोक्यावर किती अंशांपर्यंत चालेल ते वाचा. चार्ज होणारी लिथियम बॅटरी असलेली कुलपं दिसायला छान असतात, पण तशी बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करू नये, असं तिच्या वापराचं नेहमीचं बंधन आहे. भर दुपारी उन्हातल्या दाराला केबल लावून ठेवू नका. चार्जिंग पहाटे किंवा रात्री करा. दार उन्हात असेल तर माझा कल साध्या पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कुलपाकडे असतो. आणि सगळ्यांत चांगला उपाय दारावर दोन फुटांची पडवी किंवा छज्जा काढण्याचा. सावली झाली की टच स्क्रीनवरचे आकडेही दिसतात. उन्हात ते मुळीच दिसत नाहीत आणि लोकांना वाटतं स्क्रीन गेली.

वावटळीची धूळ हा दुसरा त्रास. कुलपावर आयपी 54, आयपी 65 असे आकडे असतात. त्यातला पहिला धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. दार थेट अंगणात उघडत असेल तर पहिला आकडा 5 किंवा 6 असलेलंच घ्या. आयपीचा आकडाच दिलेला नसेल, तर ते कुलूप बंद पॅसेजातल्या फ्लॅटसाठी समजा.

बोटावरच भरवसा ठेवणं

भुसावळच्या त्या काकू दारापुढे उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "मना आंगठाच लेत नही रे भाऊ." रेशनच्या मशीनवरही त्यांचा हाच अनुभव. मी त्यांचा हात बघितला. पन्नास वर्षं भाकरी थापलेली, भांडी घासलेली, कापूस वेचलेली बोटं. अंगठ्याच्या रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या आणि तर्जनीच्या टोकाला बारीक चिरा.

बोट ओळखणारा सेन्सर त्वचेवरचे उंचवटे आणि खोलगट रेषा वाचतो. रेषा झिजल्या, त्वचा कोरडी पडली किंवा त्यावर थर बसला तर त्याला वाचायला काही उरत नाही. रावेर-यावलकडे केळीचा चीक बोटांवर काळा थर धरतो. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी बोटं खरवडलेली असतात. विटा-सिमेंटचं काम करणाऱ्यांचं तर विचारूच नका. यात माणसाचा दोष नाही, आणि बऱ्याचदा कुलपाचाही नाही.

अशा घरात मी काय करतो ते सांगतो. प्रत्येकाची निदान तीन बोटं नोंदवतो, दोन्ही हातांची. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट कमी झिजलेलं असतं, म्हणून आधी ती. नेहमी वापरायचं बोट दोन वेळा, दोन वेगळ्या नावांनी. नोंदणी सकाळी आंघोळ करून नको. संध्याकाळी कामावरून आल्यावर हात जसे असतात तसे. बोट ठेवताना टोक टेकवायचं नाही, पेराचा भरीव भाग ठेवायचा. थंडीत किंवा उन्हाळ्यात त्वचा फार कोरडी असेल तर बोटावर तोंडाने वाफ सोडून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. सेन्सर कोरड्या मऊ कापडाने पुसा.

आणि घरात वयस्कर माणूस असेल तर आकडे किंवा कार्ड चालणारंच कुलूप घ्या. फक्त बोटावर चालणारं स्वस्त मॉडेल आई-वडिलांच्या घराला लावू नका, ही माझी अगदी कळकळीची विनंती आहे. काकूंना आता गळ्यातल्या दोऱ्याला एक कार्ड बांधून दिलंय.

घड्याळाचे सेल घालणं

पुष्कळांना वाटतं लाइट गेली की डिजिटल कुलूप बंद पडेल. तसं होत नाही. ते सेलवर चालतं, बहुधा चार पेन्सिल सेलवर, आणि लोडशेडिंगशी त्याचा संबंध नसतो. सेल संपले तरी नोंदवलेली बोटं आणि आकडे पुसले जात नाहीत.

चूक होते ती सेल निवडण्यात. भिंतीवरच्या घड्याळाचे स्वस्त सेल कुलपाच्या मोटरला पुरत नाहीत आणि लवकर पाझरतात. मग स्प्रिंगवर हिरवट-पांढरी पूड धरते. अल्कलाइन सेल घ्या, सगळे एकदम बदला, जुना-नवा एकत्र करू नका. पुन्हा चार्ज होणारे पेन्सिल सेल दीड ऐवजी 1.2 व्होल्टचे असतात. त्यामुळे काही कुलपं सेल भरलेले असतानाही कमी झाल्याचा इशारा देत राहतात, आणि काही वेळा इशारा न देताच बंद पडतात. कंपनीने चालतील असं लिहिलं असेल तरच वापरा.

सेल अगदीच संपले तर घाबरू नका. कुलपाच्या खालच्या कडेला बघा. तिथे टाइप-सीचं तोंड असेल तर पॉवर बँक लावा. दोन गोल ठिपके असतील तर 9 व्होल्टचा चौकोनी सेल त्यांना टेकवून धरा आणि धरूनच बोट किंवा आकडे द्या. तेवढ्यापुरतं कुलूप जागं होतं.

"मोटर कुरकुरते, पण बोल्ट जात नाही"

जुलै-ऑगस्टमध्ये मला सर्वांत जास्त फोन याच तक्रारीचे येतात. लोक कंपनीला दोष देऊन मोकळे होतात. आधी एक परीक्षा करा. दार उघडं ठेवून कुलूप चालवा. बोल्ट सुरळीत आत-बाहेर झाला तर कुलूप ठीक आहे. दोष दाराचा किंवा चौकटीचा. पावसाळी दमटपणाने लाकूड फुगतं, किंवा बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार खाली बसतं, आणि बोल्ट पट्टीच्या काठाला अडतो. हाताने कडी लावताना आपण नकळत दार वर उचलून लावतो. मोटरला ते जमत नाही. ती जोर करत राहते आणि सेल पंधरा दिवसांत संपवते.

बोल्टच्या टोकाला खडू किंवा लिपस्टिक लावा, दार बंद करून बोल्ट सोडा, आणि पट्टीवर डाग कुठे पडतो ते बघा. त्या बाजूने कानशीने पट्टी थोडी घासा. बिजागरी आवळा. रंधा मारायचाच असेल तर बेताने, कारण तेच दार मार्चमध्ये सुकून पुन्हा आकसणार आहे.

उघड्या दारातही बोल्ट अडत असेल तर बसवणाऱ्याने स्क्रू फार आवळलेत का ते बघा. पातळ दारावर आतली-बाहेरची तोंडं इतकी दाबली जातात की मधली पेटी वाकते. स्क्रू अर्धा फेरा सैल केले की बहुधा सुटतं. चुकीचे आकडे चार-पाच वेळा दाबले गेले की पुष्कळ कुलपं काही मिनिटं कुणालाच आत घेत नाहीत. अशा वेळी बटणं दाबत बसू नका, थांबा.

कुलूप दुसऱ्याच्या फोनवर

ही चूक दिसत नाही म्हणून वाईट. बसवायला आलेला मुलगा घाईत स्वतःच्या फोनवर अ‍ॅप उघडून कुलूप जोडून देतो. मालकीहक्काची नोंद त्याच्या नंबरावर राहते आणि वर्षभराने तो सापडत नाही. नोंद तुमच्याच फोनवर, तुमच्यासमोर करून घ्या. कारखान्यातून आलेले 123456 सारखे आकडे त्याच दिवशी बदला. गाडीचा नंबर आणि जन्मसाल नको. आकडे दाबताना पुढे-मागे भलतेच आकडे घालायची सोय पुष्कळ कुलपांत असते, ती पाहुण्यांसमोर वापरा. भाडेकरू गेला, कामाची बाई बदलली, की तिची नोंद लगेच पुसा.

वायफायची कुलपं बहुधा 2.4 गिगाहर्ट्झवरच जोडली जातात, आणि मातीच्या दोन फुटी भिंतीपलीकडे राउटर असेल तर सिग्नल नीट येत नाही. सेलही लवकर संपतात. लेक-जावई पुण्याला आणि म्हातारी माणसं गावी, असं असेल तरच वायफाय घ्या. नाहीतर गरज नाही.

आपोआप बंद होण्याची सोय मात्र विचार करूनच चालू करा. दिवसभर दार उघडं आणि माणसं ओट्यावर, ही आपल्याकडची रीत. गच्चीवर किंवा अंगणात खाट टाकून झोपण्याच्या दिवसांत ही सोय बंद ठेवा, किंवा निदान एक चावी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ खिळ्याला अडकवा. दुसरी चावी भाऊबंदांच्या घरी. दोन्ही चाव्या कपाटात ठेवल्या तर त्यांचा काहीच उपयोग नाही.

बसवणारा माणूस पैसे मागेल तेव्हा त्याला थांबवा. घरातल्या प्रत्येकाला बोलवा, आजीपासून पोरांपर्यंत, आणि एकेकाने बाहेर जाऊन दार उघडून दाखवू द्या. मग सेल काढा आणि पॉवर बँकेने उघडा. मग चावीने. आतून अंधारात, एका हाताने, काहीही न दाबता दार उघडतं का तेही बघा, आग लागली तर तेवढाच वेळ मिळतो. शेवटी विचारा, बिघाड झाला तर माणूस जळगाव-धुळ्यातून येणार की नाशिकहून, आणि किती दिवसांत. उत्तर खोक्यावर लिहून घ्या. हे सगळं झालं की पैसे द्या.