खान्देशातून गोव्याला निघताना

कापूस घरात आला, दिवाळी उरकली की आपल्याकडे गोव्याचा विषय निघतो. वेळ बरोबरच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथली हवा सुखाची असते. फक्त नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा टाळा, खोल्यांचे भाव तेव्हा ऐकवत नाहीत. तिकिटं आधी काढा. भुसावळहून गोवा एक्सप्रेस पुणे-मिरज-बेळगावमार्गे वास्कोला जाते, मंगला एक्सप्रेस पनवेलहून कोकण रेल्वेने मडगावला. पहिलीच्या वाटेवर दूधसागर धबधबा आहे, पण गाडी तिथे उजेडात पोचते का ते वेळापत्रकात बघून घ्या.

आता बॅग. इथेच आपण फसतो. भुसावळच्या 45 अंशांत वाढलेला माणूस म्हणतो, तेहतीस-चौतीस अंशांचं काय घेऊन बसलात! पण आपला उन्हाळा कोरडा. घाम आला तसा उडून जातो. समुद्रकाठी हवाच ओली, तिथे घाम अंगावरच राहतो. पहिल्या खेपेला मी दोनच शर्ट नेले, रात्री धुऊन सकाळी घालायचे म्हणून. घरी गच्चीवर तासाभरात कडक वाळतात ना. तिथे सकाळी कॉलर पिळली तर पाणी निघालं, आणि तोच शर्ट घालून जुन्या गोव्याची चर्च पाहिली. म्हणून सुती कपडे रोजचा एक धरून वर दोन, जीन्स एकच, पंचा जरूर. चर्च आणि मंदिरांसाठी खांदे-गुडघे झाकणारा एक जोड वेगळा. घरच्या शेवेचा डबा घट्ट झाकणाचा हवा, कागदी पुडीतली शेव दुसऱ्या दिवशी चिवट होते.

माझी आजी निघताना विचारायची, "समुद्रनं पानी खारं शे का?" आम्ही हसायचो. पण पाण्याबद्दल आधी विचारणं चांगलं, कारण तापीत पोहलेली पोरं समुद्रात जास्त धाडस करतात. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचंच नाही. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पोहायचं, जीवरक्षकांची नजर तिथे असते. पाणी आत ओढू लागलं तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका, किनाऱ्याला समांतर हात मारत बाजूला सरका, ओढ संपली की मग बाहेर या. हे पोरांना गाडीतच सांगून ठेवा, पाणी दिसल्यावर कोण ऐकतं? पावसाळ्यात तर समुद्राचं नावच नको. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या जळगावच्या चौपट.

कागदपत्रांत लहानथोर सगळ्यांची ओळखपत्रं आणि मूळ लायसन्स. भाड्याची स्कूटर घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे बघूनच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळते, पण पोलिसांनी अडवलं की महागात पडते. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं आणि चूल मांडून स्वयंपाक करणं, दोन्हींना 2019 पासून दंड आहे. म्हणजे तवा-कढई घरीच.

थोडी माहितीही सोबत असू द्या. पोर्तुगीज 1510 मध्ये आले, 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं का, यावर 16 जानेवारी 1967 ला तिथे मतदान झालं आणि लोकांनी नको म्हटलं; 30 मे 1987 ला वेगळं राज्य झालं. तेव्हा मराठी सगळीकडे चालते म्हणून "गोवा आपलाच" असं टपरीवर मोठ्याने बोलू नका. कोंकणीत पाण्याला 'उदक' म्हणालात, निघताना 'देव बरें करूं' म्हणालात, तर समोरचा खुलतो.

जेवणात शाकाहाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडची कोंड्याची पोई आणि हॉटेलातली पातळ भाजी, एवढ्यावर दिवस सुरू होतो. तिखट मात्र आपल्याइतकं नाही, ठेच्याची बाटली ठेवा. परतीला पिशवीत जागा मोकळी सोडा आणि शक्य असेल तर शुक्रवार साधा, त्या दिवशी म्हापशाचा बाजार भरतो. कोकम आणि काजू तिथे चाखून घेता येतात.