गालिच्यावरचे हट्टी डाग आणि ते पुन्हा वर येऊ नयेत म्हणून

सतरंजी मळली तर ती हौदावर नेऊन धोपटून धुता येते, बैठकीतल्या गालिच्याचे मात्र तसे करता येत नाही. वरून ओतलेले पाणी त्याच्या तळाच्या अस्तरात साचते आणि वाळताना तेच पाणी धाग्यांतून वर चढत खाली उरलेली घाण सोबत आणते. दोन दिवसांनी त्याच जागी डाग दिसू लागतो तो यामुळेच. म्हणून पाणी बेताने घालावे आणि घातलेले सगळे टिपून काढावे.

आधी गालिचा कशाचा आहे ते ओळखावे. कोपऱ्यातला एक धागा चिमट्यात धरून जाळला असता केस जळल्यासारखा वास आला तर ती लोकर, आणि वितळून कडक गाठ झाली तर तो कृत्रिम धागा समजावा. लोकरीला गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि ब्लीचिंग पावडर यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. कोणतेही औषध प्रथम न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहावे.

लग्नसराईत सर्वाधिक छळते ती हळद. साबण लागताच तिचा डाग लाल होतो, तेव्हा घाबरून आणखी साबण ओतू नये. हा क्षारामुळे बदललेला रंग आहे आणि लिंबू किंवा व्हिनेगर लागताच तो पुन्हा पिवळा होतो. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. म्हणून औषधाच्या दुकानातले स्पिरिट पांढऱ्या फडक्यावर घेऊन, चूल आणि दिवा दूर ठेवून, डाग कडेकडून मध्याकडे टिपावा, घासू नये, आणि फडक्याची बाजू सतत बदलत राहावी. उरलेली पिवळी झाक ऊन खाते. विदर्भातले ऊन या कामी येते, पण ते गालिच्याचा मूळ रंगही उडवते, म्हणून तेवढाच भाग थोडा वेळ उन्हात धरावा.

खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या मिश्रणाच्या, पिचकारीत सुपारीचा रंग आणि चुना दोन्ही असतात, त्यामुळे तिथे साबणाआधी एक भाग व्हिनेगर व दोन भाग थंड पाणी वापरावे. रश्श्याच्या तेलावर खाण्याचा सोडा भुरभुरून काही तासांनी झटकावा. शेतातली काळी माती ओली असताना बोटही लावू नये. ती पूर्ण वाळू द्यावी आणि गालिचा उलटा टाकून मागून धोपटावा, बहुतेक माती तशीच गळून पडते.

साबण वापरलाच तर पेलाभर पाण्यात अर्धा चमचा पुरे, कारण धाग्यात उरलेला चिकट साबण नवी धूळ धरून ठेवतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागात, ही अडचण दुप्पट होते: तिथल्या बोरच्या पाण्यात साबणाचा साका बसतो आणि वाळल्यावर पांढरे क्षार वर दिसतात. शेवटचा हात साठवलेल्या पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याचाच फिरवावा.

नंतर जाड टॉवेलची घडी ठेवून त्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला दगड रात्रभर ठेवावा आणि सकाळी गालिचा बाजेवर पसरावा, म्हणजे खालूनही वारा लागतो. पावसाळ्यात धुण्याचा घाट घालूच नये. दाराशी बारदाना अंथरून ठेवावा, आणि खर्रा खाणाऱ्या पाहुण्यास, नाते कितीही जवळचे असो, ओसरीतच बसवावे.