मांजर असलेलं भाड्याचं घर सोडताना डिपॉझिट कसं वाचवावं

मांजरांसोबत मी आजवर चार भाड्याची घरं सोडली. पहिल्या घराचं निम्मं डिपॉझिट गेलं, पुढच्या तिन्हींचं पूर्ण परत मिळालं. पहिल्या वेळी मी चार दिवस दाराच्या चौकटीवरचे ओरखडे बुजवत बसले होते. पाहणीच्या दिवशी घरमालकीणबाई आत आल्या, दोन पावलं चालल्या आणि नाकाला पदर लावला. चौकटीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

१. भाडेकरार आणि राहायला आलात तेव्हाचे फोटो काढून ठेवा. मांजर ठेवायची परवानगी तोंडी असेल तर एका मेसेजने ती लेखी करून घ्या.

२. केस, ओरखडे, जाळ्या. यात काही अवघड नाही. रबरी हातमोजा ओला करून गादी-सोफ्यावर फिरवा, केसांचे गोळे निघतात. चौकटीच्या ओरखड्यांत लांबी (पुट्टी) भरा, पॉलिश पेपर मारा, रंग द्या; रंग जुळत नसेल तर ठिगळ न लावता अख्खी चौकट रंगवा. फाटलेली जाळी शिवू नका, बदला.

३. वास. घर सोडायच्या किमान तीन आठवडे आधी याला हात घाला, कारण यात घाई चालत नाही.

पहिली अडचण अशी की तो तुम्हाला येतच नाही. रोजच्या वासाला नाक सरावतं, त्यामुळे 'आमच्याकडे वास नाही' हे मांजरवाल्यांचं म्हणणं मी आता मनावर घेत नाही, माझं स्वतःचंही. यूव्ही टॉर्च आणा, ३६५ ते ३९५ नॅनोमीटरची. रात्री दिवे बंद करून फरशी, भिंतींचे खालचे भाग आणि कपाटांच्या मागची जागा तपासा. वाळलेली शू पिवळट-हिरवट चमकते. साबणाचे डागही चमकतात, म्हणून प्रत्येक डागाजवळ वाकून हुंगा आणि खात्री पटली की खडूने कड आखून ठेवा. नसबंदी न झालेला बोका असेल तर उभ्या भिंती नीट बघा. तो मागे सरकून, शेपटी उभी करून फवारा मारतो, आणि तो ओघळ खालच्या पट्टीमागे जाऊन मुरतो.

आता हा वास फरशी पुसून का जात नाही ते. शूमधल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात. तो उडून जातो, धुतलाही जातो. युरिक आम्ल मात्र पाण्यात फारसं विरघळत नाही. त्याचे स्फटिक फरशीच्या सांध्यांत, गिलाव्यात, लाकडात चिकटून राहतात आणि हवा दमट झाली की पुन्हा वास मारू लागतात. कोरड्या दिवशी 'गेला बाई एकदाचा' म्हणून तुम्ही निश्चिंत होता, आणि पाहणीच्या दिवशी नेमकी पावसाची सर येते. माझं असंच झालं होतं.

यावर लोक देतात ते सल्ले ऐकून मला चीड येते. ब्लीच ओतायला सांगतात: अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइनचा विषारी वायू सुटतो. फिनेल सांगतात: त्यातल्या फिनॉलचं विष मांजराच्या यकृताला उतरवता येत नाही, आणि पंजे चाटताना ते पोटात जातं. व्हिनेगर सांगतात: संगमरवरावर ओतलंत तर चकाकी जाते, म्हणजे नुकसानीत नवी भर. गरम वाफेने डाग आणखी पक्का बसतो. सुगंधी फवाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.

काम करतं ते एन्झाइम क्लीनर, म्हणजे शूमधले वास मारणारे घटक तोडणारं द्रावण, तेही नीट वापरलं तर. मी पहिल्यांदा आणलं तेव्हा काचेवर मारतात तसं चार फवारे मारले, दहा मिनिटांनी पुसलं, आणि बाटलीला शिव्या घातल्या. दोष बाटलीचा नव्हता. शू जितकी खोल आणि पसरट मुरली आहे तिथपर्यंत द्रावण पोचलं पाहिजे. आधी ती जागा नुसत्या पाण्याने दोनदा धुऊन टिपून घ्या, कारण पूर्वीच्या साबण-फिनेलचा थर एन्झाइमला काम करू देत नाही. मग खडूच्या रेघेबाहेर वीतभर जाईपर्यंत द्रावण अक्षरशः ओता. वर प्लॅस्टिक अंथरा, कडा दाबा. वाळलं की काम थांबतं, म्हणून बाटलीवर लिहिलेला वेळ पूर्ण ओलं ठेवा. जुन्या डागाला मी २४ तास देते. मधेच वास आधीपेक्षा वाढतो. घाबरून पुसू नका. मग प्लॅस्टिक काढून आपोआप वाळू द्या आणि गरज वाटली तर पुन्हा एकदा करा. तोवर मांजराला त्या खोलीत सोडू नका.

गिलाव्यात मुरलं असेल तर एवढ्यानेही भागत नाही. भिंत पूर्ण वाळवा, लाखेपासून बनवलेला प्रायमर द्या, मगच रंग. नुसता पाण्याचा रंग मारलात तर वास त्यातून वर येतो. सांध्यांतलं सिमेंट खरवडून नव्याने भरा. फुगलेली प्लायवुडची पट्टी वाचवायच्या फंदात पडू नका, नवी बसवा.

शेवटी खिडक्या दिवसभर बंद ठेवा आणि मांजर न पाळणाऱ्या, तोंडावर खरं बोलणाऱ्या माणसाला घरी बोलवा.

४. पाहणी. ठरलेल्या दिवसाच्या आठवडाभर आधी घरमालकांना एक फेरी मारायला सांगा. त्यांनी दाखवलेलं तुम्ही स्वतः दुरुस्त केलंत तर कपातीपेक्षा स्वस्त पडतं. तरीही पैसे कापले तर एकूण आकडा मान्य करू नका. कशाचे किती ते बिलांसह लेखी मागा. पाच वर्षं जुन्या रंगाला नव्या रंगाची पूर्ण किंमत लावली असेल तर विचारा, आणि नेहमीच्या वापराने झालेली झीज मांजराच्या खात्यावर टाकू देऊ नका. कायदा जागोजागी वेगळा आहे, तुमच्याकडचा वाचून बोला.

पाहणी चालू असताना मांजर दुसऱ्या कुणाकडे ठेवा. आमच्या बोक्याने एकदा घरमालकांच्या देखत नव्या रंगाच्या चौकटीवर नखं परजली होती.