नेटवर्क रिसेट करण्याआधीची तयारी

इंटरनेट अडलं की विंडोज ११ मधलं ‘नेटवर्क रिसेट’ (नेटवर्कच्या सेटिंग्ज पुसून मूळ स्थितीत आणणारं बटण) दाबायला हात शिवशिवतो. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज. तिथेच खाली ते आहे. जरा थांबा. आधी दोष कॉम्प्युटरचाच आहे ना, ते बघा. फोनचा मोबाइल डेटा बंद करून तो त्याच वायफायवर चालतो का पाहा. डेटा चालू ठेवून केलेली परीक्षा फुकट. फोनही अडला आणि फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा (लाइनचा सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा असला तर लाइनची तक्रार नोंदवा, विंडोजच्या वाटेला जाऊ नका. राउटरच्या मागच्या रिसेटच्या बारीक भोकात टाचणी तर मुळीच घालू नका. त्याने राउटरमधलं कनेक्शनचं युजरनेम-पासवर्डही उडतं.

कॉम्प्युटर ‘शट डाउन’ नव्हे, ‘रीस्टार्ट’ करा. फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर सुरू व्हावं म्हणून असलेली सोय) चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज पुरतं बंद होतच नाही. तारीख-वेळही बघून घ्या. कॉम्प्युटरच्या आतल्या बोर्डावरचा छोटा सेल उतरला की तारीख मागे जाते आणि निम्म्या साइट उघडत नाहीत. त्यावर रिसेट काय करणार?

एवढं करूनही गाडी अडलेलीच असेल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (स्टार्टमध्ये cmd टाइप केलं की उघडणारी काळी खिडकी) ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ (ipconfig /all) चालवून पडद्याचा फोनने फोटो काढा. आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, म्हणजे रिसेटने फरक पडू शकतो. ‘डीएचसीपी एनेबल्ड’समोर (डीएचसीपी म्हणजे पत्ता आपोआप मिळण्याची सोय) ‘नो’ असेल तर मात्र सावध व्हा: पत्ता कुणीतरी हाताने घातलेला आहे. ऑफिसात हिशेबाचा डेटा ज्या मशीनवर असतो तिथे हे हमखास दिसतं. रिसेटनंतर तो पत्ता जातो आणि बाकीची मशीनं सर्व्हर शोधत बसतात. पत्ता पुन्हा हाताने घालताना लागणारे आयपी, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस हे आकडे फोटोत नीट वाचता येतात का, तेही तिथल्या तिथे बघा.

वायफायचे पासवर्ड कागदावर घ्या, सेव्ह केलेले सगळे जातात. व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारी सोय) असेल तर त्याचा सेटअप आणि लॉगिन हाताशी हवं, बहुधा ते पुन्हा टाकावं लागतं. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) सहसा आपोआप परत बसतो, तरी पेनड्राइव्हवर एक प्रत असू द्या. ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, हा घोळ वाईट. फोनची यूएसबी केबलही जवळ ठेवा, टेदरिंगला, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला द्यायला, उपयोगी पडते. पुण्यात बसून गावाकडच्या आईबाबांच्या मशीनवर रिमोटने रिसेट करायच्या भानगडीत पडू नका. मशीन परत चालू होईल, पण तिथे वायफायचा पासवर्ड टाकणार कोण?

उघड्या फाइली सेव्ह करा, कारण बटण दाबल्यावर पाचच मिनिटांत मशीन रीस्टार्ट होतं. परत आल्यावर शेअर केलेला प्रिंटर दिसला नाही तर नेटवर्क ‘पब्लिक’ झालेलं असेल. घरचं किंवा ऑफिसचं असेल तर ‘प्रायव्हेट’ करा.