लसीच्या प्रयोगशाळेत या चुका टाळा

सांगली-मिरजेच्या उन्हाळ्यात नमुन्यांची काळजी वाटणारच. पण ‘जितकं गार तितकं चांगलं’ हा समज आधी डोक्यातून काढा. अलम (लसीचा परिणाम वाढवणारा ॲल्युमिनियमचा क्षार) घातलेली लस गोठली की संपली. तिला २ ते ८ अंशच लागतात. बर्फ होताना अलमचे कण एकमेकांवर दाबले जाऊन त्यांच्या गुठळ्या होतात, आणि बर्फ वितळला तरी त्या सुटत नाहीत.

एका विद्यार्थ्यानं एप्रिलमध्ये पुण्याहून एसटीनं कुप्या आणल्या. डीप फ्रीजरमधले आइसपॅक थेट डब्यात, कुप्या त्यांना चिकटून. मिरजेत उतरला तेव्हा डबा गारठलेला, म्हणून स्वारी खूश. पुढं उंदरांना लस टोचली, रक्त तपासलं, तर अँटिबॉडी नावालाच. सगळ्यांनी अँटिबॉडी मोजणाऱ्या एलायझा किटला दोष दिला, नवं किट मागवलं. उरलेली कुपी मी हलवून टेबलावर ठेवली. बघता बघता तळाशी दाणेदार गाळ, वर नितळ पाणी. म्हणजे लस वाटेतच गोठली होती. ही चाचणी करताना त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून, वितळवून शेजारी ठेवावी, म्हणजे फरक ओळखता येतो. या घाईत उंदरांचे जीव फुकट गेले, याचा मला आजही राग येतो.

उपाय साधा आहे. आइसपॅक बाहेर काढून ठेवा आणि हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत थांबा. आपल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर लसीकरणाला निघताना हेच करतात. एमएस्सी झालेल्यांना तेवढा धीर का नसावा?

दुसरी खोड म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, म्हणजे माध्यमात, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविकं ओतून निर्धास्त होणं. मायकोप्लाझ्मा या अगदी बारीक जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याचं काही करू शकत नाही. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटतो आणि माध्यम गढूळही होत नाही. नवी व्हेरो पेशीरेषा (माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशी) आली की मायकोप्लाझ्माचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी होईपर्यंत ती मी वेगळ्या इनक्युबेटरमध्येच ठेवते. मग कुणी कितीही घाई करो.

१२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हनं, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं, जिवाणू मरतात, पण काही जिवाणूंच्या आवरणातलं विष, एंडोटॉक्सिन, तसंच राहतं. ते घालवायला काचसामान हॉट एअर ओव्हनमध्ये २५० अंशांवर किमान अर्धा तास ठेवा.

एलायझात रंग आणणारं एचआरपी हे एंझाइम वापरत असाल तर बफरमध्ये सोडियम ॲझाइड हे परिरक्षक नको. एंझाइम बंद पडतं, रंग येत नाही.

आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजरमध्ये एंझाइम ठेवू नका. तिथलं तापमान सतत वरखाली होतं.

अँटिबॉडीची अख्खी बाटली पुन्हापुन्हा वितळवण्यापेक्षा आल्या दिवशीच लहान नळ्यांत वाटून ठेवा, आणि नळीवर तारीख घाला.